पाचांची बंदूक, दोन काडतुसं

गेल्या नोव्हेंबरात आयोवातल्या एका मक्याच्या शेताच्या कडेला आमचे शेजारी बंदूक भरत होते आणि मी शेजारी उभा राहून पाहत होतो. सकाळचे आठ वाजायचे होते. इथे फेझंट या रानपक्ष्यावर बार काढायचा तो आठनंतर आणि साडेचारच्या आत, त्यामुळे सगळे घड्याळाकडे बघत पाय आपटत उभे होते. त्यांची बंदूक म्हणजे बेल्जियममध्ये घडवलेली ब्राउनिंग ऑटो-५, बार झाला की आपोआप भरणारी, सोळा गेजची, शिकारी लाडाने जिला ‘स्वीट सिक्स्टीन’ म्हणतात ती. गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तशी नळी बारीक. पाच हा आकडा तिच्या नावातच आहे. चार काडतुसं नळीखालच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे साठ्याच्या नळकांड्यात, आणि एक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, जिथून बार होतो. बदकांसारख्या स्थलांतरी पक्ष्यांसाठी अमेरिकेत १९३५ पासून तीनच काडतुसांची मर्यादा आहे, म्हणून मॅगझिनमध्ये लाकडी खुंटी बसवतात. फेझंट स्थलांतरी नाही, त्यामुळे खुंटीची सक्ती नाही आणि त्यांनी ती काढलेलीच होती. तरी त्यांनी एक काडतूस चेंबरमध्ये सरकवलं, एक मॅगझिनमध्ये अंगठ्याने ढकललं आणि जाकिटाच्या खिशाची चेन वर ओढून घेतली. दिवसभरात जितक्या वेळा त्यांनी बंदूक भरली, तितक्या वेळा दोनच.

मग आपोआप भरणारी बंदूक कशाला?

हा प्रश्न मी तिथे विचारला नाही. कुत्रा पट्टा ताणत होता, गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं आणि माणसं एका रांगेत उभी राहायला लागली होती. पण तो डोक्यातून गेला नाही. दोनच बार काढायचे तर दुनळी काय वाईट? दुनळी हलकी, आखूड, तिच्यात बिघडण्यासारखं फारसं नाही. एका नळीचा चोक, म्हणजे तोंडाजवळचा निमुळता भाग, मोकळा, छर्रे पसरवणारा; दुसरीचा आवळलेला, छर्रे एकत्र ठेवणारा. जवळच्या पक्ष्याला एक चाप आणि लांबच्याला दुसरा. माझी बंदुकीची ओळखच मुळी दुनळीपासून झाली. सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे बारा बोअरची, म्हणजे बारा गेजची, दुनळी होती. परवाना पीकसंरक्षणाचा. बागेत उतरलेले वांदर आणि भातात शिरलेली डुकरं हुसकायची, एवढंच तिचं काम. निवडणूक जाहीर झाली की आजोबा ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे आणि निकाल लागले की पावती घेऊन सोडवून आणायचे. आणल्यावर पहिलं काम म्हणजे खळ्यात बसून ती मोडायची, म्हणजे बिजागरीतून उघडायची, आणि दोन्ही नळ्या सूर्याकडे धरून आत पाहायचं. आम्हा पोरांनाही एकेक डोळा लावू द्यायचे. आत उजेडाची वर्तुळं एकात एक दिसायची, आणि पुढच्या टोकाला कुठे करडा डाग असला तर आजोबा लगेच नारळाच्या तेलाची बाटली मागवायचे. तेलाच्या आणि जुन्या दारूच्या त्या मिसळलेल्या वासात मी वाढलो. रानकोंबड्याच्या शिकारीच्या गोष्टी त्यांच्याकडे होत्या, पण त्या सगळ्या तरुणपणच्या. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि पुढे ते सगळं बंदच झालं. ते योग्यच झालं, असं ते स्वतः म्हणायचे. पण गोष्ट सांगताना त्यांचा हात नकळत डाव्या खांद्याच्या उंचीवर जायचा आणि पक्ष्याबरोबर उजवीकडे सरकायचा. दोन बार चुकले की खेळ संपला, बंदूक मोडून नवी काडतुसं घालेपर्यंत रान पुन्हा शांत. त्यामुळे पक्षी आणि दोन बार हे माझ्या मनात एकत्रच बसले आहेत.

इथे आल्यावर मी ज्या माणसांत शिकार शिकलो ती सगळी आपोआप भरणाऱ्या बंदुकांवर वाढलेली. शेतकऱ्याच्या घरी मागच्या दाराशी कोटांच्या खुंट्यांजवळ जुनी रेमिंग्टन टेकवलेली असायची, हे त्यांचं बालपण. यांच्यात जुन्या बंदुकांची तुलना निघाली की गाडी पहिल्यांदा धक्क्यावर येते. कुठली खांद्याला लागते, कुठली लागत नाही. आणि त्यात ऑटो-५ नेहमी हरते.

ती हरते ते तिच्या रचनेमुळे. जॉन मोझेस ब्राउनिंगने १८९८ च्या सुमारास ही बंदूक आखली तेव्हा बार झाल्यावर पुढचं काडतूस आपोआप भरून घेणारी, खऱ्या अर्थाने चालणारी शॉटगन, म्हणजे छर्रे उडवणारी बंदूक, जगात नव्हती. त्याने शक्ती कुठून घ्यायची याचं उत्तर नळीतच शोधलं. बार झाला की नळी आणि तिचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत दोन्ही मिळून मागे येतात, काडतुसाच्या लांबीपेक्षाही जास्त. मागे पोचल्यावर बोल्ट तिथे धरला जातो आणि नळी एकटी पुढे जाते. रिकामं काडतूस बोल्टच्या नखीत राहून बाहेर फेकलं जातं. मग बोल्ट पुढे येताना खालून वर उचललेलं नवं काडतूस घेऊन येतो. हे सगळं डोळा मिटायच्या आत होतं, पण खांद्याला मात्र ते दोन भागांत कळतं. आधी बाराचा धक्का, मग आतमध्ये काहीतरी जड वस्तू पोचल्याचा दुसरा. पहिल्यांदा चालवणारा माणूस बंदूक तुटली की काय म्हणून तिच्याकडे पाहतो. अख्खी नळी मागे सरकते आहे ही कल्पना बिचाऱ्याला नसते. मागच्या बाजूला रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा बसलेला पोलादी डबा, चौकोनी कापलेला, त्यावरून ‘हंपबॅक’ हे टोपणनाव पडलं. दिसायला ती सुंदर नाही असं बरेच जण म्हणतात. मला ती सुंदर वाटते. तो चौकोन डोळ्यासमोर येतो तेव्हा नजरेला एक सपाट रस्ता मिळतो, आणि बंदूक नीट खांद्याला लागली की नाही हे डोळ्याला विचारावंच लागत नाही.

तिच्या जन्माची कथा मला फार दिवस छळत आली आहे. ब्राउनिंगच्या बंदुका तोवर विंचेस्टर कंपनी विकत घेत असे, एकरकमी पैसे देऊन. या वेळी त्याने प्रत्येक बंदुकीमागे मानधन मागितलं आणि विंचेस्टरने ते नाकारलं. मग तो रेमिंग्टनकडे गेला. ८ जानेवारी १९०२ ला कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांना भेटायला तो बाहेरच्या खोलीत बसलेला असताना आत हार्टली हृदयविकाराने गेले. तिथून ब्राउनिंगने थेट बेल्जियम गाठलं. लिएजजवळच्या हेर्स्टालमध्ये एफएन या शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीने बंदूक घेतली, आणि त्याने स्वतःच्या खात्यावर दहा हजार बंदुकांची मागणी नोंदवली. पुढे अमेरिकेतल्या आयातकरामुळे रेमिंग्टनला परवाना मिळाला आणि १९०५ पासून तीच बंदूक न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनमध्येही बनू लागली. तिला पुढे मॉडेल ११ म्हणू लागले. म्हणजे एका दाराबाहेर बसून राहिलेल्या माणसाची बंदूक शेवटी त्या दारातून आत गेलीच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम घेतल्यावर ब्राउनिंग कंपनीच्या नावाच्या बंदुकाही काही वर्षं रेमिंग्टननेच बनवल्या. ब्राउनिंग गेला तोही लिएजमध्येच, १९२६ च्या नोव्हेंबरात, कारखान्यात कामावर असताना. उटाहच्या ऑग्डनमध्ये जन्मलेला माणूस, त्याच्या हातची सर्वांत गाजलेली शिकारी बंदूक परदेशी कारागिरांनी कानशीने घासून आकाराला आणली, आणि मग ती जहाजाने परत त्याच्याच देशात आयोवाच्या मक्यात आली. परदेशात राहणाऱ्या माणसाला या प्रवासाचं जरा जास्तच वाटतं.

ज्यांनी नाही म्हटलं त्या विंचेस्टरची गोष्टही इथे सांगायला हवी, कारण जुन्या बंदुका जमवणाऱ्या नवख्याला तिच्यापासून खरोखर धोका आहे. ब्राउनिंगची पेटंटं इतकी घट्ट बांधलेली होती की विंचेस्टरचा बंदुका आखणारा टी. सी. जॉन्सन याला त्यांच्यातून वाट काढताना बोल्टला मूठसुद्धा देता आली नाही. म्हणून १९११ च्या त्यांच्या मॉडेलमध्ये नळीच्याच एका भागावर खरखरीत जाळी कोरलेली आहे. तिथे धरून नळी मागे ओढायची म्हणजे बंदूक भरते. तेव्हाची काडतुसं कागदी. दमट हवेत ती फुगायची आणि चेंबरमध्ये अडकायची. अडकलं की लोक दस्ता जमिनीवर टेकवायचे आणि दोन्ही हातांनी नळी खाली दाबायचे, तोंड स्वतःकडे. त्यातून अपघात झाले आणि तिला ‘विडोमेकर’ हे नाव चिकटलं. १९२५ मध्ये ती बंद झाली. जुनी म्हणून, दुर्मीळ म्हणून, स्वस्तात मिळते म्हणून कुणी घेतली तर भिंतीवर लावावी. रानात नेऊ नये.

आता रेमिंग्टन ११००. ही १९६३ ची. हिच्यात नळी जागची हलत नाही. नळीच्या खालच्या अंगाला बारीक भोकं आहेत; छर्रे त्यांच्यापुढे गेले की थोडा वायू त्यांतून खाली उतरतो, मॅगझिनच्या नळकांड्याभोवतीच्या पिस्टनला मागे ढकलतो आणि बोल्ट उघडतो. वायूवर चालणाऱ्या शॉटगन तिच्याआधीही निघाल्या होत्या, पण सामान्य माणसाच्या हाती ही पोचली. चाळीस लाखांहून अधिक विकल्या गेल्या. खांद्याला हिचा धक्का लांबवून, वाटून दिल्यासारखा येतो. सरावासाठी हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर दिवसभर शेकडो बार काढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी हात वर करता येतो तो हिच्यामुळे. माझ्याकडे सत्तरच्या दशकातली एक आहे. तिच्या दस्त्यावरचं चकचकीत प्लॅस्टिक पॉलिश आणि ठशाने दाबून उठवलेली नक्षी पाहून बेल्जियन ब्राउनिंगवाले तोंड वाकडं करतात. करोत. उडत्या पक्ष्यावर ती इतकी सहज फिरते की निव्वळ नेमबाजीसाठी कुणी माझं मत विचारलं तर मी आजही तिचंच नाव घेईन. तिचा एकच नाजूक भाग म्हणजे नळीच्या कडीजवळ बसणारी रबरी ओ-रिंग. ती चिरली की वायू निसटतो आणि बंदूक एकेका बाराची होते. ज्यांना हे माहीत आहे ते टोपीच्या पट्टीत किंवा पाकिटात एक जादा रिंग ठेवतात. आणि काजळी. दिवस संपल्यावर पुढचं लाकूड काढलं की बोटं काळी होतात, आणि ते काळं साबणाने लवकर जात नाही.

विंचेस्टरने १९७४ मध्ये सुपर एक्स मॉडेल १ काढून ११०० ला उत्तर दिलं. सगळे भाग भरीव पोलादातून कातलेले, ओतीव किंवा ठोकून काढलेल्या पत्र्याचं काम जवळजवळ नाही. एका मित्राची मी चालवली आहे. बोल्ट सोडला की बँकेच्या तिजोरीचं दार लागावं तसा आवाज येतो. पण त्या काळात एवढं यंत्रकाम परवडत नव्हतं आणि १९८१ पर्यंत तिचा खेळ आटोपला. चांगल्या कामाला उशिरा जन्म आला की असं होतं. मला तिच्याबद्दल हळहळ वाटते, पण तिला घेऊन मी गवतात जाणार नाही, आणि त्याचं कारण धक्क्याशी संबंधित नाही.

बार एका क्षणाचा असतो. बंदूक हातात दिवसभर असते.

फेझंटच्या शिकारीत नेमकं काय करता, असं गावाकडून कुणी विचारलं तर खरं उत्तर आहे, चालतो. कमरेएवढ्या स्विचग्रासमधून, ओढ्याकाठच्या पाणकणसांतून, कापलेल्या मक्याच्या धसकटांतून. धसकटं पोटरीला लागतात, गवताचं बी मोज्यांत घुसतं, घाम येतो आणि थांबलं की तोच घाम गार पडतो. या सगळ्यात बंदूक दोन्ही हातांत छातीसमोर तिरकी धरलेली असते. खांद्यावर टाकून चालणाऱ्याचा पक्षी निघून जातो, कारण तो कधी उठेल याचा नेम नाही. कुत्र्याच्या नाकापुढून, नाहीतर आपल्याच बुटाखालून तो उसळतो, पंखांचा फडफडाट आणि नराचं ते खडखडीत ओरडणं एकदम कानावर आदळतं, आणि तेवढ्यात आधी हे ठरवायचं असतं की नर की मादी. मादीवर बार काढायचा नसतो. पांढरा गळपट्टा, लांब शेपूट, तांब्याच्या रंगाची छाती दिसली तर बंदूक वर जाते. दिवसाला तीन नरांची मुभा. पुष्कळदा एकही मिळत नाही. म्हणजे आठ तास वाहायची आणि चालवायची ती काही सेकंद, असा हा हिशेब आहे. बारा गेजची जुनी मॉडेल ११ साडेतीन किलोच्या वर भरते, माझी ११०० त्याच सुमारास, सुपर एक्स तशीच जड. शेजाऱ्यांची सोळा गेज तीन किलोच्या आसपास. अर्धा किलो कागदावर काहीच वाटत नाही. दुपारी तीनला, चिखल लागलेले बूट ओढत शेवटच्या पट्ट्यात शिरताना, त्या अर्ध्या किलोवर ठरतं की पक्षी उठेल तेव्हा बंदूक छातीशी असेल की कमरेशी लोंबत असेल. कट्ट्यावर बसून केलेल्या तुलनांत हा अर्धा किलो कधी येत नाही. धक्का येतो, कारण तो तबकड्यांच्या मैदानावर जाणवतो. रानात बार काढताना धक्का लागल्याचं मला आठवतही नाही.

वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हेही तितकंच मोठं. ऑटो-५ ची मॅगझिन नळीखाली पुढे आहे. बारा गेजचं शिकारी काडतूस पन्नास ग्रॅमच्या आसपास, सोळाचं थोडं कमी. पूर्ण भरलेली बंदूक पुढून जड असते आणि एकेक बार झाला की पुढचं टोक हलकं होत जातं. म्हणजे पहिल्या पक्ष्यावर फिरवलेली बंदूक आणि तिसऱ्या बाराची बंदूक हाताला सारखी लागत नाही. शेजाऱ्यांची बंदूक मी त्या दुपारी कुंपण ओलांडताना रिकामी करून हातात घेतली तेव्हा मला हे पहिल्यांदा स्पष्ट कळलं. तिचा तोल दोन्ही तळव्यांच्या बरोबर मध्ये होता. दोन काडतुसांनी तो फारसा ढळत नाही, पाचांनी ढळतो. त्यांच्या दोन काडतुसांचं मला सापडलेलं पहिलं उत्तर हे.

जुन्या ऑटो-५ बद्दल मला ओढ वाटते त्याला आणखी एक कारण आहे. ती माणसाकडून तयारी मागते. मॅगझिनच्या नळकांड्यावर नळीला परत पुढे ढकलणारी स्प्रिंग असते, तिच्या तोंडाशी पितळी घर्षणतुकडा असतो आणि त्याच्याबरोबर तिरक्या कडेची एक पोलादी कडी. जड काडतुसं वापरायची तर ती कडी स्प्रिंग आणि पितळी तुकडा यांच्यामध्ये बसवायची, तिरकी कड तुकड्याकडे करून, म्हणजे तुकडा नळकांडं जास्त आवळतो आणि नळीचा वेग मारतो. हलकी वापरायची तर कडी काढून स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला टेकवून ठेवायची. हलक्याच्या मांडणीत जड काडतुसं चालवत राहिलं की मार सगळा मागे पोचतो आणि कधीतरी पुढचं लाकूड तडकतं. जुनी ऑटो-५ विकत घेताना जाणते लोक आधी ते लाकूड काढून आतून बघतात ते यासाठी. मग स्क्रूंच्या खाचा बघतात. खाचा फाटलेल्या असल्या तर कुणीतरी चुकीच्या पेचकसाने ती उघडली आहे. साठच्या दशकाच्या शेवटी नि सत्तरच्या सुरुवातीला बनलेली बेल्जियन असली तर दस्त्याच्या मागची पट्टी सोडवून तिचे स्क्रू पाहतात, कारण त्या काळात काही अक्रोडाचं लाकूड मिठाने सुकवलं होतं आणि ते मीठ आजही शेजारचं पोलाद खातं. महायुद्धाआधीची सोळा गेज असली तर चेंबर मोजून घेतात, कारण तेव्हाचं चेंबर आजच्या पावणेतीन इंची काडतुसाला पुष्कळदा आखूड पडतं. आणि फार जुनी असली तर तिचा सेफ्टीचा खटका ट्रिगर गार्डच्या पुढच्या भागात असतो. तो सरकवायला बोट चापाच्या शेजारी न्यावं लागतं. नोव्हेंबरातल्या जाड हातमोज्यात ते मला कधीच बरं वाटलेलं नाही. पन्नासनंतरच्या बंदुकांत तो मागे गेला, ते चांगलं झालं.

शेजाऱ्यांच्या बंदुकीच्या डाव्या बाजूला एक छोटा खटका आहे. तो फिरवला की मॅगझिनमधलं काडतूस जागेवर थांबतं आणि चेंबरमधलं तेवढं बदलता येतं. रेमिंग्टनच्या मॉडेल ११ मध्ये हा खटका नाही. बंदूक तीच, हेर्स्टालची कोरीव नक्षी नाही आणि हा खटका नाही. कुंपण आलं की ते खटका फिरवतात, चेंबर रिकामं करतात, बोल्ट उघडा ठेवतात, बंदूक तारेखालून आडवी सरकवतात आणि मग स्वतः ओलांडतात. प्रत्येक कुंपणाला. वय ऐंशीच्या पुढे आहे आणि हात थरथरतो, पण या क्रमात एकही पायरी गळालेली मी पाहिली नाही.

काडतुसांचा विषय निघाला की जुन्या बंदुकांच्या लोकांचा आवाज खाली येतो. बदकांच्या शिकारीत १९९१ पासून देशभर शिशाच्या छर्‍यांना बंदी आहे. दलदलीच्या तळाशी पडलेले छर्रे पक्षी दगडाचे कण समजून गिळायचे आणि शिसं भिनून झुरून मरायचे. सरकारी पाणपक्षी-क्षेत्रांत फेझंटलाही बिनविषारीच वापरावे लागतात. त्याऐवजी आले पोलादी छर्रे, आणि ते जुन्या बेल्जियन नळ्यांत वापरू नका असं खुद्द ब्राउनिंग सांगते. नळी मऊ, चोक आवळलेला, छर्रा कडक. मग राहतं बिस्मथ, शिशासारखाच मऊ पण बिनविषारी धातू, जे महाग आहे, आणि सोळा गेजमध्ये तर दुकानात मिळणंही कठीण. काही जण जपानच्या मिरोकू कारखान्यात बनलेली नंतरची नळी घेऊन जुन्या बंदुकीला बसवतात. या बंदीवर कुरकुर करणारे मला भेटतात. मला ती मान्य आहे. बंदूक जपायची म्हणून दलदल विषारी करायची, हे मला पटत नाही. ज्या गवतात आपण चालतो ते तरी कशामुळे उभं आहे? १९८५ च्या शेतीकायद्यातून आलेल्या योजनेत सरकार शेतकऱ्याला पैसे देतं आणि तो जमिनीचा तुकडा पेरणीतून सोडून गवताखाली ठेवतो. शिवाय प्रत्येक शिकारी बंदुकीवर आणि काडतुसावर अकरा टक्के कर आहे, तो १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठीच जातो. ते गवत नांगरलं गेलं की दोन-तीन वर्षांत फेझंट दिसेनासे होतात. हा पक्षीही मूळचा इथला नाही, चीनमधून आणलेला. आमच्या राज्यात तो पसरला त्याची सुरुवात सीडर फॉल्सजवळच्या पाळीव पक्ष्यांची खुराडी वादळात मोडली तिथून झाली असं सांगतात. इथल्या लोकांना आता तो आपलाच वाटतो.

घरी आणलेला पक्षी मी स्वतः सोलतो. पिसं अजून ऊबदार असतात. गळ्याजवळचा हिरवा रंग उजेडात जांभळा होतो आणि मान वळवली की परत हिरवा. त्या वेळी मला दरवर्षी तेच वाटतं, आणि त्याला एक नाव देता येत नाही. समाधान आहे, भूक आहे, आणि या एवढ्या सुंदर वस्तूचा शेवट आपण केला हेही आहे. आजोबा रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांबद्दल बोलायचे, त्यांच्या टोकाचे ते पिवळट, मेणाचे थेंब सुकल्यासारखे ठिपके. युरोपात सामन मासे पकडायच्या गळांवर बांधायला त्या पिसांना एके काळी मोठी मागणी होती, हे मला इथे येऊन कळलं. बायको फेझंटचं सुकं करते. कांदा-खोबरं भाजून वाटप, घरचा मालवणी मसाला, आणि कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त वेळ मंद आच. मांस चरबीशिवायचं, घाई केली की दोरखंड. तंगडीतले कडक तंतू आधीच ओढून काढावे लागतात. जेवताना मुलांना हळू चावायला सांगतो. शिशाचा छर्रा दाताखाली आला तर दबतो, पोलादी आला तर दात जातो. ताटाच्या कडेला एखादा छर्रा टक्कन वाजतो, तेव्हा तो कुठून कसा लागला हे मला बऱ्याचदा सांगता येतं. छातीत लागलेला असला तर पक्षी हवेतच गेलेला असतो. मागच्या अंगाला, आतड्यांजवळ लागलेला असला तर गोष्ट वेगळी.

आणि शेजाऱ्यांचं उत्तरही शेवटी तिथेच निघालं. डिसेंबरात एका संध्याकाळी त्यांच्या गॅरेजमध्ये स्टोव्हजवळ बसून आम्ही बंदुका पुसत होतो. ऑटो-५ चं नळकांडं ते तेलाच्या फडक्याने पुसून परत कोरड्या फडक्याने पुसत होते, कारण तेल जास्त झालं तर घर्षणतुकडा घसरतो. तेव्हा मी विचारलं, दोनच का? त्यांनी वर न बघता सांगितलं की तिसरा बार नेहमी शेपटीवर जातो. पहिला बार पंचवीस पावलांवर, दुसरा पस्तीसवर. तिसऱ्यापर्यंत पक्षी चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे, पाठ करून निघालेला. त्या अंतरावर छर्रे विरळ होतात आणि जे लागतात ते मागून लागतात. पक्षी उडत राहतो, पलीकडच्या पाणकणसांत उतरतो आणि तिथे रात्री मरतो. कुणालाच मिळत नाही. तरुणपणी असे पक्षी आपण पाठवले आहेत, असं ते म्हणाले, आणि मग मॅगझिनमध्ये जे नसतं ते उडवायचा मोह होत नाही. दुनळी का नाही, हेही मी विचारलं. त्यांना एकच चाप आणि एकच नळी समोर दिसलेली आवडते, आणि ही बंदूक त्यांच्याकडे लग्नाआधीपासून आहे. एवढंच.

त्यांचं म्हणणं मला पटलं आणि पूर्ण पटलंही नाही. मी ११०० मध्ये तीन भरतो आणि यंदाही तीनच भरणार आहे. तिसरं लांबच्या पक्ष्यासाठी नाही, यात आमचं एकमत आहे. पण दुसऱ्या बारानंतर पंख मोडून खाली आलेला नर जमिनीला लागताच पळायला लागतो, आणि फेझंट पळतो तेव्हा माणसाच्या हाती लागत नाही. त्या क्षणी, वीस पावलांवर, पलीकडे माणूस नाही, कुत्रा मध्ये नाही हे बघून, त्याला तिथेच संपवणारं एक काडतूस बंदुकीत असावं असं मला वाटतं. खिशातून काढून भरेपर्यंत तो गेलेला असतो. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी स्टोव्हशेजारी झोपलेल्या काळ्या लॅब्रडॉरकडे हात केला आणि म्हणाले, ते काम हिचं. त्यांच्यापुरतं ते खरं आहे. त्या कुत्रीने सोडलेला पक्षी मी पाहिलेला नाही. माझ्याकडे कुत्रा नाही.